दुसऱ्या गाडीचे इंजिन

डिझेल इंजिनात इंधन पेटवण्यासाठी ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये ओढलेली हवा मूळ आकारमानाच्या सतरा-अठराव्या, काही जुन्या इंजिनांत एकविसाव्या-बाविसाव्या हिश्श्यापर्यंत दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते, आणि हा दाब वर्षानुवर्षे सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड असे सगळेच भाग पेट्रोल इंजिनापेक्षा जाड आणि जड घडवावे लागतात. याच जडपणामुळे एका गाडीचा सांगाडा गंजून संपला तरी तिच्यातले डिझेल इंजिन दुसऱ्या गाडीत आणखी एक आयुष्य काढू शकते, आणि ‘इंजिन स्वॅप’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उद्योगात, म्हणजे वाहनाचे मूळ इंजिन उतरवून त्याच्या जागी वेगळ्या जातीचे, बहुधा वापरलेले इंजिन बसवण्याच्या कामात, डिझेल इंजिनांना विशेष मान मिळत आला आहे.

या कामासाठी सर्वाधिक शोधली जाणारी इंजिने साधारणपणे १९७५ ते १९९८ या काळातली आहेत, आणि यामागे जुन्या काळाविषयीच्या ओढीपेक्षा व्यावहारिक कारण मोठे आहे. त्या काळात डिझेल किती आणि केव्हा फवारायचे हे सर्वस्वी यांत्रिक पंप ठरवत असे. त्यामुळे इंजिन चालू ठेवण्यासाठी संगणक, संवेदक किंवा गाडीच्या इतर भागांशी बोलणारी तारांची जाळी लागत नाही, आणि काही इंजिनांना तर डिझेलचा पुरवठा तोडणाऱ्या एका विजेच्या झडपेपुरती एकच तार पुरते. पुढच्या पिढीतली इंजिने अधिक स्वच्छ, अधिक शांत आणि अधिक ताकदवान असली, तरी ती त्यांच्या मूळ गाडीपासून तोडली की त्यांचा संगणक हरवलेल्या किल्लीची, गिअरबॉक्सची, वेगमापकाची विचारणा करत राहतो आणि बसवणाऱ्याचे अर्धे श्रम तिथेच जिरतात.

विश्वासार्हतेचा प्रश्न मात्र पंपाच्या जातीने सुटत नाही. ‘अमुक इंजिन दहा लाख किलोमीटर चालते’ अशी ख्याती त्या इंजिनाच्या घराण्याची असते, आणि तीही एका ठरावीक कामात कमावलेली असते. बाजारात पैसे मोजून घेतला जाणारा नग मात्र वेगळ्याच कामात झिजलेला असू शकतो, आणि पुढे त्याला तिसरेच काम करायचे असते. घराणे, नगाचा इतिहास आणि नवे काम या तीन गोष्टी एकमेकांत मिसळल्यामुळेच बहुतेक फसलेले व्यवहार फसतात.

अमेरिकेतील कमिन्स कंपनीचे ४बीटी हे इंजिन या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. शेतीची यंत्रे बनवणाऱ्या केस कंपनीच्या भागीदारीत नॉर्थ कॅरोलिनात उभारलेल्या कारखान्यात १९८० च्या दशकात कमिन्सच्या बी मालिकेचे उत्पादन सुरू झाले. त्यातील प्रत्येक सिलिंडरचा व्यास १०२ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास १२० मिलिमीटर, आणि चार सिलिंडरांचे इंजिन ३.९ लिटरचे, सहांचे ५.९ लिटरचे. सहा सिलिंडरांचे भावंड १९८९ पासून डॉज कंपनीच्या पिकअप गाड्यांत बसू लागले आणि तिथेच या मालिकेचे नाव घरोघरी पोचले. चार सिलिंडरांच्या ४बीटीच्या वाट्याला मात्र कमी झगमगाटाचे जिणे आले. पाव आणि चिवडा-वेफर्ससारखा खाऊ दुकानोदुकानी पोचवणाऱ्या ‘स्टेप व्हॅन’मध्ये, म्हणजे चालकाला उभ्याउभ्या चढता-उतरता येईल अशा डब्यासारख्या मालगाड्यांमध्ये, ते मोठ्या संख्येने बसवले गेले, आणि या व्हॅन निवृत्त होऊ लागल्या तशी हजारो इंजिने लिलावांतून आणि भंगाराच्या आवारांतून बाजारात आली. सुमारे १०५ अश्वशक्ती आणि ३६० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे शाफ्टला पीळ देण्याची ताकद, देणारे हे इंजिन जीप आणि लहान ट्रकांत बसवणाऱ्यांची एक पिढीच मग तयार झाली.

पाववाल्याच्या व्हॅनचे आयुष्य इंजिनाला मानवते की नाही, यावर जाणकारांत एकमत नाही, आणि दोन्ही बाजूंना आधार आहे. अशा गाड्या मोठ्या कंपन्यांच्या ताफ्यात असल्याने त्यांचे तेल वेळेवर बदलले जाई आणि त्यांच्यावर फार ओझेही नसे. उलट दिवसभर थांबत-सुरू होत चालल्याने स्टार्टर, क्लच आणि टर्बोची झीज जास्त होई, आणि दुकानासमोर इंजिन तसेच घरघरत ठेवण्याच्या सवयीमुळे किलोमीटरचा आकडा लहान दिसला तरी चाललेले तास कितीतरी जास्त असत. डिझेल इंजिन बिनओझ्याने फार वेळ चालले की त्याचे तापमान पुरेसे चढत नाही, अर्धवट जळलेले इंधन काजळी होऊन साचते आणि सिलिंडरची भिंत काचेसारखी गुळगुळीत होऊन रिंगा तिच्यावर नीट बसेनाशा होतात. म्हणून डिझेलच्या बाबतीत किलोमीटरच्या जोडीला तासांचा हिशेब मागावा लागतो.

हेच इंजिन जनरेटरमधूनही विकायला येते, आणि तो नग अनेकदा व्हॅनमधल्यापेक्षा स्वच्छ दिसतो. जनरेटरचे काम एका वेगाशी बांधलेले असते: चार ध्रुवांच्या जनित्रातून ५० हर्ट्झची वीज हवी असेल तर इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, अमेरिकेसारखी ६० हर्ट्झची हवी असेल तर १८०० फेऱ्यांवर स्थिर ठेवावे लागते, आणि त्याचा पंप व गव्हर्नर त्यासाठीच जुळवलेले असतात. असे इंजिन गाडीत बसवले तर ते सुरू होते आणि चालतेही, पण ॲक्सिलरेटरला गाडीसारखा प्रतिसाद देत नाही. पंप उघडून नव्याने जुळवून घेण्याचा खर्च स्वस्त किंमतीत आधीच धरावा लागतो. नावेतून काढलेल्या इंजिनांत खाऱ्या पाण्याने गंजलेल्या शीतनमार्गांची भर पडते. ट्रॅक्टर किंवा बांधकामयंत्रातून आलेल्या इंजिनाचे तळाचे तेलपात्र वेगळ्या आकाराचे असल्याने ते जीपच्या पुढच्या आसावर आपटू शकते.

कमिन्सच्या बाबतीत नगाची जात ओळखण्याची सोय चांगली आहे. पुढच्या गिअरच्या झाकणाजवळ लावलेल्या पत्र्याच्या पट्टीवर इंजिनाचा अनुक्रमांक आणि सीपीएल नावाचा एक आकडा असतो. या आकड्यावरून त्या इंजिनात कोणते पिस्टन, कोणता कॅमशाफ्ट, कोणता टर्बो आणि कोणता पंप कारखान्यातून बसला होता हे कळते, आणि अनुक्रमांक कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याला सांगितला तर मूळ घडणीचा तपशील मिळतो. ही पट्टी काढून टाकलेली असेल तर बाकी इंजिन कितीही चकचकीत असले तरी किंमत उतरवून मागणे योग्य ठरते.

चांगल्या घराण्याचेही ठरावीक दोष असतात, आणि ते आधी माहीत असणे ही खरेदीतली सर्वांत स्वस्त तपासणी होय. बी मालिकेच्या सुरुवातीच्या, दर सिलिंडरला दोन झडपा असलेल्या इंजिनांत पुढच्या गिअरपेटीची जागा धरून ठेवणारी एक लहान पोलादी खुंटी कंपनाने हळूहळू सैल होऊन गिअरांमध्ये पडू शकते. पडली तर कॅमशाफ्टचा गिअर किंवा पेटी फुटते, आणि झाकण उघडून त्या खुंटीवर पत्र्याची एक लहान पट्टी बोल्टने आवळली तर ती भीती कायमची संपते. म्हणजे दोष कुप्रसिद्ध, पण उपाय अगदी किरकोळ. याच्या उलट प्रकार पुढच्या पिढीत दिसतो. १९९८ पासून डॉजच्या पिकअपमध्ये आलेल्या चोवीस झडपांच्या इंजिनांपैकी काहींच्या ब्लॉकवर बाजूला ५३ हा ओतीव आकडा उमटलेला असतो, आणि त्या ब्लॉकच्या पाण्याच्या कप्प्याची भिंत पातळ असल्याने ती बाहेरून तडकते. त्याला टिकाऊ इलाज म्हणजे ब्लॉकच बदलणे. त्याच इंजिनांचा इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचा पंप, टाकीतून डिझेल ओढून देणारा छोटा पंप अशक्त झाला की, वंगणाअभावी मरतो. या मालिकेविषयी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते ती अशी, की तिच्यात सिलिंडरला वेगळी बाही नसते, पिस्टन थेट ब्लॉकच्या भोकात चालतो. त्यामुळे झीज झाली की ब्लॉक बोअरिंगला न्यावा लागतो, बाही ओढून नवी ठोकण्याची सोय नसते.

घराण्याच्या ख्यातीचा विचार करताना मर्सिडीजच्या ओएम ६१७ या पाच सिलिंडरांच्या इंजिनाकडे वळावे लागते, कारण तिथे महाराष्ट्राशी थेट नाते जुळते. १९७४ मध्ये आलेल्या या तीन लिटरच्या इंजिनाला १९७८ मध्ये टर्बो जोडला गेला, अमेरिकेत ते प्रवासी गाड्यांतून मोठ्या प्रमाणावर विकले गेले आणि सावकाश पण न थकता चालण्याबद्दल ते इतके नावाजले की जीपपासून हलक्या ट्रकांपर्यंत अनेक गाड्यांत आजही बसवले जाते. त्याचे धाकटे रूप म्हणजे चार सिलिंडरांचे ओएम ६१६. दोन्हींत प्रत्येक सिलिंडर सुमारे ६०० घनसेंटिमीटरचा, म्हणजे पिस्टन आणि झडपांची मूळ कल्पना एकच. हेच ओएम ६१६ पुण्याजवळ आकुर्डी येथील बजाज टेम्पो कंपनीने, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सने, मर्सिडीज बनवणाऱ्या डेमलर-बेन्झच्या परवान्याने १९८० च्या दशकापासून बनवले आणि ट्रॅक्स व ट्रॅव्हलरमधून ते महाराष्ट्राच्या खेडोपाडी धावले. वडाप करणाऱ्या ट्रॅक्समध्ये बसलेल्या प्रवाशांना आपण जर्मन घराण्याच्या इंजिनामागे बसलो आहोत याची कल्पना क्वचितच असेल.

या इंजिनात इंधन थेट सिलिंडरमध्ये न पडता आधी एका लहान पूर्वकक्षात फवारले जाते, त्यामुळे ज्वलन सौम्य आणि आवाज कमी होतो, पण थंडीत सुरू होण्यासाठी प्रत्येक सिलिंडरला तापणारा ग्लो प्लग लागतो. कॅमशाफ्ट साखळीने फिरतो, आणि ही साखळी लाखो किलोमीटरनंतर लांबते. कॅमशाफ्टवरची खूण जुळवून त्या वेळी क्रँकच्या चकतीवर किती अंश दिसतात हे वाचले की साखळी किती ताणली गेली ते काही मिनिटांत कळते. विक्रेता हे पाहू देत नसेल तर इंजिन न घेण्यास तेवढे कारण पुरेसे आहे.

याच अमेरिकी बाजारात, याच वर्षांत, जनरल मोटर्सच्या ओल्ड्समोबिल विभागाने १९७८ ते १९८५ या काळात ५.७ लिटरचे आठ सिलिंडरांचे डिझेल इंजिन विकले आणि त्याने डिझेल प्रवासी गाड्यांविषयीचा तिथल्या ग्राहकाचा विश्वास बराच काळ उडवला. ते पेट्रोल इंजिनावर डिझेलचे हेड चढवलेले होते अशी एक समजूत पसरलेली आहे, ती खरी नाही. त्याचा ब्लॉक जाड आणि मजबूत होता. कमतरता वेगळीच होती: हेड बसवण्यासाठी बोल्टांची संख्या आणि मांडणी पेट्रोल इंजिनाचीच ठेवली, ती दुपटीहून जास्त दाबाला पुरली नाही, हेड गॅस्केट फुटू लागल्या, आणि डिझेलमधले पाणी वेगळे करणारा सापळा न दिल्याने पंप व नोझल गंजू लागले. हे इंजिन वाईट का ठरले याचा अभ्यास चांगल्या इंजिनांच्या स्तुतीपेक्षा अधिक उपयोगी आहे, कारण डिझेलमध्ये हेडचे बोल्ट आणि इंधनातले पाणी या दोन जागा आधी पाहाव्यात हे त्यातून ठसते.

खरेदीचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे पूर्ण चालती गाडी विकत घेऊन तिच्यातले इंजिन काढणे. असे केले तर इंजिन ओझ्याखाली चालवून पाहता येते. शिवाय रेडिएटर, पाइप, माउंटिंग, ॲक्सिलरेटरची जोडणी, गिअरबॉक्स आणि फ्लायव्हीलचे घर हे सगळे मूळ जोडीचे हाती येते, आणि नंतर सुटे शोधताना याच वस्तूंवर इंजिनाच्या किंमतीइतका खर्च होतो. जपानमध्ये जुन्या गाड्यांची ठरावीक काळाने होणारी सक्तीची तपासणी महाग पडत असल्याने तुलनेने कमी चाललेली वाहने लवकर मोडीत निघतात, आणि त्यांचा पुढचा अर्धा भाग कापून ‘हाफ-कट’ म्हणून जगभर निर्यात होतो. त्यात जोडणी अखंड मिळते, पण इंजिन चालवून पाहता येत नाही. जमिनीवर सुटे पडलेले, झाकणे उघडी ठेवलेले इंजिन सर्वांत स्वस्त मिळते, कारण त्याची किंमत लोखंडाच्या वजनाच्या जवळ असते, आणि तीच त्याची खरी किंमत समजून घेणाऱ्याने घ्यावे. ‘नुकतेच पूर्ण काम काढले आहे’ असे सांगून विकले जाणारे इंजिन याहून संशयास्पद मानावे. बोअरिंगचे, क्रँक घासल्याचे आणि सुट्या भागांचे बिल दाखवता येत नसेल तर त्या कामात फक्त रंगकाम झाले असण्याची शक्यता मोठी.

इंजिन पाहायला जाताना ते थंड असावे, अशी अट आधीच घालावी. विक्रेत्याने आधी सुरू करून तापवून ठेवलेले इंजिन त्याचे सगळे दुखणे लपवते. थंड इंजिन किती वेळ स्टार्टर मारल्यावर घेते आणि पहिला धूर कोणत्या रंगाचा येतो यावरून बरेच कळते. पांढरा धूर क्षणभर येऊन थांबला तर न जळलेल्या डिझेलचा असतो, तापल्यावरही टिकला आणि गोडसर वास आला तर सिलिंडरमध्ये शीतनद्रव जात असल्याचे लक्षण. निळा धूर तेल जळत असल्याचे सांगतो, काळा धूर हवेच्या मानाने डिझेल जास्त पडत असल्याचे. तेलाची डिपस्टिक काढून पाहताना तेल दुधाळ दिसले तर पाणी मिसळले आहे. पातळ होऊन डिझेलचा वास आला तर पंपाची किंवा नोझलची गळती आहे.

त्यानंतर येतो ‘ब्लो-बाय’, म्हणजे रिंगांच्या बाजूने क्रँककेसमध्ये निसटणारा ज्वलनाचा दाब. मेस्त्री ब्रीदरची नळी पाहून ज्याला ‘इंजिन हवा मारते’ असे म्हणतात तोच. तेल भरण्याचे झाकण उलटे करून भोकावर ठेवायचे आणि ते उडते का पाहायचे, ही परीक्षा सर्वत्र चालते. पण टर्बो असलेल्या मोठ्या इंजिनांत थोडा ब्लो-बाय नेहमीच असतो, झाकण थरथरले म्हणून इंजिन बाद होत नाही, आणि विश्वासार्ह मोजमाप हवे असेल तर ठरावीक व्यासाच्या छिद्रातून तो वायू सोडून त्याचा दाब पाण्याच्या नळीवर वाचावा लागतो. कॉम्प्रेशनची परीक्षाही अशीच समजून वाचावी लागते. ओएम ६१७ मध्ये ती ग्लो प्लगच्या भोकातून घेता येते. ४बीटीला ग्लो प्लग नसल्याने नोझल काढून घ्यावी लागते. एकूण आकडा गेजच्या चुकीने कमीजास्त येऊ शकतो, सिलिंडरा-सिलिंडरांतला फरक मात्र खोटे बोलत नाही. चार सिलिंडर सारखे आणि पाचवा एकटा खाली असेल तर सगळेच थोडे खाली असण्यापेक्षा ते वाईट.

प्रयोगशाळेत तेलाचे पृथक्करण करून घेणे ही परीक्षा भारतात अजून मोठ्या ताफ्यांपुरतीच रूढ आहे, तरी इंजिनाच्या किंमतीच्या मानाने ती नगण्य पडते. तेलात लोह वाढले तर सिलिंडरची, ॲल्युमिनियम वाढले तर पिस्टनची, शिसे आणि तांबे वाढले तर बेअरिंगची झीज सूचित होते, सिलिकॉन वाढले तर एअर फिल्टरमधून धूळ शिरल्याचे कळते, सोडियम दिसले तर शीतनद्रव मिसळल्याचा संशय घ्यावा. विक्रेत्याने कालच तेल बदललेले असेल तर ही परीक्षा व्यर्थ जाते. त्या वेळी जुना तेलफिल्टर मागून तो कापून त्याच्या घड्यांत धातूचे कण चमकतात का पाहावे.

इतके करून इंजिन उत्तम ठरले तरी ते नव्या गाडीत विश्वासार्ह राहील असे म्हणता येत नाही, कारण तिथे जोडणीचा प्रश्न उभा राहतो. ४बीटी मिनिटाला सुमारे २५०० फेऱ्यांपलीकडे रमत नाही. ७५ सेंटिमीटर व्यासाचे चाक आणि ४.१० प्रमाणाचा मागचा आस असलेल्या जीपमध्ये, थेट जोडणीच्या वरच्या गिअरमध्ये, या फेऱ्यांवर गाडी ताशी जेमतेम ८६ किलोमीटर चालते. तेच प्रमाण ३.०७ केले तर ११५ पर्यंत जाते. आस बदलला नाही तर चालक इंजिन सतत त्याच्या मर्यादेवर ताणतो आणि दोष इंजिनाला देतो. शिवाय हे इंजिन सुमारे ३४० किलोचे आहे, आणि चार सिलिंडरांच्या मोठ्या इंजिनात फेऱ्यांच्या दुप्पट गतीने जे कंपन उठते ते शमवणारे प्रतिभार-दंड त्यात नाहीत. पुढच्या स्प्रिंगा, चेसिसचे जोड आणि रबरी माउंटिंग यांचा विचार न करता ते बसवले तर रेडिएटर तडकणे, बोल्ट सैल होणे अशा तक्रारी सुरू होतात.

भारतात हा हिशेब दुसऱ्या वाटेने मांडला गेला. महिंद्राच्या जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची प्रथा येथे रुळली ती इंधनाच्या किंमतीतल्या फरकामुळे, आणि त्यासाठी बहुधा त्याच कंपनीच्या नंतरच्या जीपमधले प्यूजोच्या परवान्याचे २११२ घनसेंटिमीटरचे इंजिन निवडले गेले. ते फार ताकदवान नव्हते. पण त्याचे पिस्टन, रिंगा, नोझल तालुक्याच्या गावात मिळत आणि ते उघडून जोडणारा मेस्त्री शेजारीच असे. सुटे भाग परदेशातून मागवावे लागणाऱ्या नामांकित इंजिनापेक्षा हे सामान्य इंजिन येथे अधिक विश्वासार्ह ठरते, असेच म्हणावे लागेल. कमिन्सलाही तोच न्याय लागू आहे: कंपनी पुण्यात १९६२ पासून आहे आणि टाटाबरोबरच्या भागीदारीमुळे सहा सिलिंडरांची बी मालिका भारतीय ट्रकांत रुळली, म्हणून तिच्या सुट्या भागांची अडचण येथे कमी भासते.

कायद्याची बाजू दोन्ही देशांत सैल नाही. अमेरिकेत बसवलेले इंजिन गाडीच्या उत्पादनवर्षाचे किंवा त्यानंतरचे, आणि त्या वर्गाच्या गाडीसाठी धूरनियमांनुसार प्रमाणित केलेल्या रचनेचे असावे अशी तेथील पर्यावरण संस्थेची भूमिका आहे. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल करता येत नाही. इंधनबदलाच्या मान्यताप्राप्त संचासारखे मोजके अपवाद कायद्याने ठेवले आहेत, इंजिन बदलल्याची माहिती १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कडक अर्थच कायम केला. नोंद नसलेल्या इंजिनाच्या गाडीला अपघात झाला तर विमा कंपनीला दावा नाकारण्यास आधार मिळतो. त्यामुळे मेस्त्री ठरवण्याआधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी, आणि जुने इंजिन घेताना पैसे देण्यापूर्वी ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक मूळ गाडीच्या आरसी बुकाशी आपल्या डोळ्यांनी ताडून पाहावा. क्रमांक घासलेला आढळला, तर ते इंजिन फुकट मिळत असले तरी घेऊ नये.